कै. क्युलेक्सबाईंना, स.न.वि.वि.

कै. क्युलेक्सबाई,
मु. पो. सेप्टिक टँक, मालवण, जि. सिंधुदुर्ग.

डासाच्या मादीचं आयुष्य काही आठवड्यांचं, म्हणजे मला चावून तुम्ही केव्हाच वारलात. तेव्हा हे पत्र वारसांनी वाचावं. सगळा दोष एकट्या तुमच्या माथी मारणंही बरं नव्हे. हत्तीरोग एका चाव्यानं जडत नाही. त्यासाठी तुमच्या अख्ख्या भावकीला महिनोन् महिने रात्रपाळी करावी लागते. आम्हीही सोय ठेवली म्हणा. जत्रांच्या मोसमात देवळासमोर उघड्यावर बसून रात्रभर दशावतार बघितला. तिकडे संकासूर रंगात आलेला आणि इकडे आमच्या पोटऱ्या तुमच्या ताब्यात.

तुमचं काम पोचवण्याचं. हत्तीरोगाच्या जंताची अळी कातडीवर सोडलीत, तुम्ही पाडलेल्या भोकातून ती आत शिरली, लसिकावाहिन्यांत घर करून वर्षानुवर्षं तिनं संसार केला आणि आता माझ्या अंडकोशात पाणी भरलंय. डॉक्टरांनी दिवे मालवून टॉर्च लावला, तर ती जागा आकाशकंदिलासारखी लालसर उजळली. ‘हायड्रोसील. छोटंसं ऑपरेशन,’ ते म्हणाले. छोटं म्हणणाऱ्याचं स्वतःचं काही त्या टेबलावर नसतं, बाई.

तुमच्यावर अन्याय झाला हे मात्र मान्य. १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सननं आपल्या आजारी माळ्याचं रक्त डासांना पाजलं आणि त्यांच्या अंगात हे जंत वाढताना पाहिले. रोगाचा जंतू डासात वाढतो हे पहिल्यांदा कळलं ते तुमच्यामुळे. पुढे मलेरियाही डासातून पसरतो हे दाखवून रोनाल्ड रॉसना १९०२ चं नोबेल मिळालं. तुमच्या वाट्याला काय आलं? सेप्टिक टँक.

सध्या माझी झोप उडाली आहे ती तुमच्या गुणगुणण्यानं नव्हे, भेटायला येणाऱ्यांच्या. ‘मणक्यात सुई मारतत हां! चुकली तर पाय गेले म्हणान समज,’ असं एक गृहस्थ चहा पिता पिता सांगून गेले. दुसऱ्यांनी आवाज खाली आणून ‘मग पुढे... म्हणजे... संसाराचा काय?’ असं विचारलं. घरच्यांनी तर वाडीत हर्निया असल्याचं जाहीर करून टाकलंय. हर्निया कसा, खानदानी दुखणं.

अखेर घाबरायचंच तर नीट माहिती घेऊन घाबरावं, म्हणून डॉक्टरांना सगळं विचारलं. तिथले केस कोण काढणार, हेसुद्धा. (पुरुष कर्मचारी. अर्धी धास्ती तिथंच उतरली.) त्यांनी कागदावर चित्र काढलं. अंडाला हात लावत नाहीत. त्याच्याभोवतीच्या पिशवीत साचलेलं पाणी काढतात आणि ती पिशवी कापतात किंवा उलटी करून शिवतात. नुसतं सुईनं पाणी काढलं तर ते पुन्हा भरतं. मग काही दिवस आधाराला लंगोट आणि डॉक्टर सांगतील तोवर जड उचलायचं नाही. संसार जागच्या जागी राहतो.

आणि ती भुलीची मणक्यातली सुई! तिची चाचणी कुठं झाली ठाऊक आहे? १८९८ साली जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जननं आपल्या सहायकाच्या मणक्यात कोकेन टोचलं, मग त्याच्या नडगीवर हातोडा हाणला, पेटती सिगार टेकवली, आणि खात्री पटेना म्हणून अंडही ओढून-दाबून पाहिलं. सहायकाला काही कळलं नाही. नंतर डोकं आणि नडग्या ठणकल्या, एवढंच. आता कोकेन नाही, सुई बारीक झाली आणि हातोडाही बंद झाला. चहावाल्या गृहस्थांना ही हकिगत सांगितली. ते कप अर्धा ठेवून उठले.

लपवून काय होतं, तेही बघा. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास सहा खंडांत लिहिणाऱ्या एडवर्ड गिबनला स्वतःचं हायड्रोसील मात्र वर्षानुवर्षं कुणाला सांगवलं नाही. नोव्हेंबर १७९३ मध्ये सर्जननं पहिल्याच खेपेला जवळपास चार लिटर पाणी काढलं. जानेवारी १७९४ मध्ये माणूस गेला. साम्राज्य कशानं बुडालं हे त्याला ठाऊक होतं, डॉक्टरांना काय सांगायचं तेवढं सुचलं नाही. त्याच्या दुखण्यात तुमचा हात नव्हता. पण माझ्यासारख्यांची जगातली संख्या जागतिक आरोग्य संघटना अडीच कोटी सांगते. लुंगी सैल आणि तोंड घट्ट, यापरती तुमची सेवा ती कोणती!

आता वारसांना नोटीस. आमच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधली आहे. डबक्यात गप्पी मासे सोडलेत. रात्री रक्त तपासायला आरोग्यसेवक आले तर दार उघडेन, कारण तुमच्या जंतांची पिल्लं रात्रीच रक्तात फिरायला निघतात. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या जातील तेव्हा खिशात न घालता आशाताईंसमोर गिळेन.

वाडीकरांनो, तुम्हीही पाइपला जाळी बांधा, दहा मिनिटांचं काम आहे. ऑपरेशन सोमवारी सकाळी. सरकारी रुग्णालयात ते फुकट होतं, तेव्हा आणखी कोणी लुंगीआड दडला असेल त्यानं सोबत यावं, रिक्षा मी सांगितली आहे. आणि भेटायला याल तेव्हा ‘हर्निया कसा आहे?’ असं विचारू नका. हायड्रोसील आहे.

आपला,
एक रक्तदाता