एक फुल, तीन हाफ, एक आधार कार्ड

मे महिन्यात मुलं जन्माला घालू नयेत. लग्न ठरवताना हा सल्ला कोणी देत नाही. पत्रिका बघणारे नाडी बघतात, गण बघतात, मंगळ तर शोधून काढतात. शाळेच्या सुट्ट्या कोणी बघत नाही. आमच्या थोरल्याचा वाढदिवस मेच्या मध्यावर येतो. शाळा बंद, ती उघडणार जूनच्या मध्यावर. त्यामुळे वर्गात रंगीत कपडे घालून जाणं नाही, चॉकलेटं वाटणं नाही, बाईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावणं नाही. मित्र सगळे गावी. कोणी मामाकडे, कोणी आत्याकडे, एक जण दरवर्षी नेमका त्याच आठवड्यात परदेशी. (त्याचे आईवडील दूरदृष्टीचे असावेत.) सोसायटीत उरतात ती मुलं, ज्यांच्याशी याचं एलबीडब्ल्यूवरून भांडण चालू असतं.

सबब आमच्याकडे वाढदिवस साधाच होतो. घरच्या घरी. हॉल नाही, थीम नाही, फुग्यांची कमान नाही, माईक घेतलेली ताई नाही. लोक कौतुकानं म्हणतात, ‘वा, किती छान, किती साधं!’ हे म्हणणारे लोक संध्याकाळी सातला येतात आणि साडेनवाला जातात. हॉल घेणाऱ्याची एक सोय असते : पैसे दिले की त्याचं काम संपतं. साध्या वाढदिवसाला अशी कुठलीच सोय नाही.

उदाहरणार्थ, पंखा. औक्षणाच्या वेळी पंखा बंद करावा लागतो, नाहीतर निरांजन राहत नाही. पुण्याचा मे, पारा चाळिशीच्या आसपास, दहा बाय बाराची खोली आणि तीत अठरा माणसं. पाटावर उत्सवमूर्ती, भोवती रांगोळी. आधी आई ओवाळणार, मग बायको, मग आत्या, मग शेजारच्या काकू, ज्या फक्त वाटी परत द्यायला आल्या होत्या. प्रत्येकीनं कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, अंगठी आणि सुपारी ओवाळायची, मग निरांजन. तिसरी सुवासीण पुढे सरसावते तेव्हा कोणीतरी दयाळू माणूस पंख्याचं बटण दाबतो. निरांजन शांत होतं. (आईसमोर ते ‘विझलं’ म्हणायचं नाही.) पंखा बंद, काडेपेटीचा शोध, पुन्हा पहिल्यापासून.

हे झालं की पंखा लावतात, आणि अठरा माणसं एकदम ‘हुश्श’ करतात तेवढ्यात केक येतो. पंखा बंद. आता ज्योत जपायची ती लगेच फुंकून टाकण्यासाठी. आईचा मेणबत्ती फुंकण्याला तात्त्विक विरोध आहे. गाणं मात्र तीच सगळ्यात मोठ्यानं म्हणते, आणि शेवटचं कडवं संपलं तरी थांबत नाही. यंदा मेहुण्यानं हौसेनं आणलेली मेणबत्ती फुंकली की पुन्हा पेटणाऱ्या जातीची निघाली. मुलं हसून गडाबडा लोळली. पंखा बंदच होता. या सगळ्याचे फोटो मी काढले, त्यामुळे मुलाच्या एकाही वाढदिवसाला मी हजर असल्याचा पुरावा नाही.

जेवायला आमरस. रस मिक्सरमधून काढायचा नाही, हातानं पिळायचा, असा आमच्याकडे दंडक आहे. तो घालून देणाऱ्या व्यक्तीचे सांधे हल्ली दुखत असल्यानं अंमलबजावणी माझ्याकडे आहे. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून पेटीवर नेमकं काय छापायचं हे सगळ्यांना नीट कळलं आहे. आमच्या पेटीवर ‘देवगड’ होतं, पेटीत वर्तमानपत्र होतं, आणि वर्तमानपत्र कन्नड होतं. विक्रेत्यानं शपथ घेतली होती. रस पिवळ्याऐवजी किंचित पांढुरका झाला आणि प्रत्येकानं तीन-तीन वाट्या खाल्ल्यानंतर सांगितलं की हा हापूस नव्हे.

आणि आइस्क्रीमचा पॉट. फ्रीज आहे, कोपऱ्यावर दुकान आहे, फोनवर दहा मिनिटांत घरपोच येतं. पण मेहुण्यानं माळ्यावरून लाकडी पॉट काढला. बर्फात खडेमीठ घातलं की त्याचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि मधल्या डब्यातलं दूध थिजतं, हे त्यानं मुलांना फार छान समजावून सांगितलं. हँडल मी फिरवत होतो. समजावून सांगण्याला आणि हँडल फिरवण्याला सारखाच वेळ लागतो. मुलं पाळी लावून मदतीला येत, चार फेरे मारून ‘झालं का?’ म्हणून झाकण उघडत आणि पळून जात. शेवटी जे तयार झालं ते आइस्क्रीमपेक्षा थंड बासुंदीच्या जवळ होतं आणि एका कडेनं खारट होतं. ते वाट्यांत वाढायच्या आत संपलं. मला हँडलला लागलेलं मिळालं.

माझी तक्रार यातल्या कशाबद्दलच नाही. तक्रार ही आहे की मुलांनी तक्रार केली नाही. एखाद्यानं ‘शी, काय हा वाढदिवस’ असं म्हणून पाय आपटले असते, तर पुढच्या वर्षी मी हॉल घेतला असता, ॲडव्हान्स भरला असता आणि दुपारी झोपलो असतो. थोरल्यानं झोपताना विचारलं, ‘पुढच्या वर्षी पण पॉट?’ अशा मुलांच्या बापाला पैसे खर्च करून सुटायची संधीच मिळत नाही.

वाढदिवसाची भेट म्हणून त्यानं सहल मागितली. एसटीनं. आमच्याकडे गाडी आहे. तिचे हप्ते चालू आहेत. ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते आणि महिन्यातून एकदा बॅटरी उतरू नये म्हणून मी तिच्यात बसतो. पण गाडीत उंच बसता येत नाही, गाडीत कंडक्टर नसतो, आणि गाडीत बाबा सारखा रस्त्याकडे बघत असतो, अशी तीन कारणं मला देण्यात आली. ठिकाण ठरलं वाई. पुण्याहून नव्वद-एक किलोमीटर, जाऊन येऊन एका दिवसात, आणि तिथं काही ‘करायचं’ नसतं, हे बायकोच्या मते त्या गावाचं वैशिष्ट्य.

स्वारगेटला गाडी सुटली आणि कंडक्टर आले. आईला पंच्याहत्तर उलटली आहेत. ऑगस्ट २०२२ पासून एसटीत पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. तिनं आधार कार्ड अशा थाटात काढलं, की पूर्वी संस्थानिक सनद काढून दाखवत असतील तर याच थाटात. बायकोचं अर्धं; मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात निम्मी सवलत. पोरं पाच ते बारामधली, त्यांचीही अर्धी. राहिलो मी. ‘एक फुल, तीन हाफ,’ कंडक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे जे बघितलं त्यात सहानुभूती होती. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, ती वाढही आमच्या घरात अखंड सोसणारा मी एकटाच आहे. सवलती योग्यच आहेत. सगळ्या असल्या पाहिजेत. मी फक्त नोंद करतो आहे.

पूर्ण तिकीट काढणाऱ्याला पूर्ण जागा मिळते असं कुठं लिहिलेलं नसतं. खिडक्या दोन मिळाल्या. एक आईला, कारण तिला गाडी लागते. (गाडी तिला आजवर कधीही लागलेली नाही, ती खिडकीत बसते म्हणून लागत नाही, असा तिचा खुलासा.) दुसऱ्या खिडकीसाठी भावंडांत तह झाला : शिरवळपर्यंत ती, पुढं तो. तहाचा साक्षीदार म्हणून बायको त्यांच्यात. मी मागच्या बाकावर, दोन अनोळखी प्रवाशांच्या मधे, मांडीवर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी आणि पायाशी टोप्यांची. खंबाटकीचा घाट सुंदर दिसतो असं पुढून ओरडून कळवण्यात आलं.

डबा वाईला कृष्णेच्या काठी उघडायचा होता. तो कात्रजच्या बोगद्याआधी उघडला. तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, साखरांबा, बटाट्याची सुकी भाजी. पहिली पुरी धाकटीनं मागितली, दुसरी ‘तिला दिली म्हणून’ त्याला, तिसरी शेजारच्या आजींना कारण त्या बघत होत्या. त्या आजींनी आमच्या आईला शेंगदाण्याचा लाडू दिला, आणि सुरूर फाट्यापर्यंत दोघींनी एकमेकींच्या सगळ्या सुनांची माहिती पूर्ण केली. बायको मधल्या आसनावर बसून खिडकीबाहेर बघत होती. माझ्यापर्यंत चटणी लागलेलं झाकण आलं.

वाईत उतरल्यावर मी सूत्रं हाती घेतली. मी तयारी करून आलो होतो. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ साली बांधलं. कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. हे मी सांगितलं. धाकटीनं मूर्तीकडे वर बघत विचारलं, ‘याला मोदक किती लागत असतील?’ मराठी विश्वकोश याच गावात तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली, हेही सांगितलं. थोरला गोटी सोड्याची बाटली उघडताना होणारा आवाज ऐकत होता. त्यानं दुसरी मागितली, आवाजासाठी.

तिथून रिक्षानं मेणवली. नाना फडणविसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, घाटावर मेणेश्वराचं देऊळ आणि ती मोठी घंटा. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. माझ्या दृष्टीनं हा सहलीचा परमोच्च बिंदू होता. मी दोन्ही हातांनी लढाई समजावून सांगितली.

‘म्हणजे चोरली?’ धाकटी.

‘चोरली नाही. जिंकून आणली.’

‘मग परत कधी द्यायची?’

हा प्रश्न मी तिच्या आईकडे वर्ग केला.

त्यानंतर दोघं घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसली आणि पाण्यात पाय सोडले. मेमध्ये कृष्णेला पाणी बेताचंच, घोट्यापर्यंत. एका बाईंकडून कैरीच्या फोडी घेतल्या, तिखटमीठ लावून. मासे येऊन बोटांना टोचतात की नाही यावर पैज लागली. मासे आले. मग ते पुन्हा येतात का हे बघायचं होतं. माझ्या यादीत अजून वाडा नीट बघणं होतं, आणि तिथून जेमतेम बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी, टेबललँड होतं. मी दोनदा घड्याळ दाखवलं. कोणी हललं नाही. आई सावलीत भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, ‘अरे, बस ना जरा. कुठं आग लागलीय?’ बायकोनं तर चप्पल उशाला घेऊन डोळे मिटले होते. घड्याळ बघण्याखेरीज मला काही काम उरलं नाही, आणि थोड्या वेळानं तेही उरलं नाही, कारण ते काढून मी पाण्यात पाय सोडले. मासे टोचतात. दुपार तिथंच गेली. पूर्ण तिकीट काढून इतकं कमी बघितलेला प्रवासी त्या दिवशी सातारा जिल्ह्यात दुसरा नसावा.

परतीच्या गाडीत पोरं झोपली. एक बायकोच्या मांडीवर, दुसरं माझ्या, म्हणजे पिशव्यांच्या वर. कंडक्टरांना पुन्हा तोच हिशेब सांगितला आणि मी हळूच बायकोला म्हटलं, ‘बघ, दोन्ही वेळेला पूर्ण भाडं मलाच.’

‘माझं उरलेलं अर्धं मी पहाटे चार वाजता भरलं,’ ती म्हणाली. ‘पुऱ्या आपोआप तळल्या जात नाहीत.’

या युक्तिवादात काही तांत्रिक त्रुटी आहेत, परंतु त्या तिथं मांडण्यात अर्थ नव्हता. पुऱ्या चांगल्या झाल्या होत्या, असं सांगतात.

रात्री मी पुढचा हिशेब मांडला. धाकटीचं हाफ बाराव्या वर्षापर्यंत मुलांच्या सवलतीत, पुढं ती महिलांच्या सवलतीत जाणार, पंचाहत्तरीनंतर मोफत. नियम असेच राहिले तर ही मुलगी जन्मात कधी एसटीचं पूर्ण तिकीट काढणार नाही. तिला सांगितलं तेव्हा तिनं ‘यस्स’ असं म्हणून मूठ आवळली. थोरल्याला मात्र पुढच्या वाढदिवसाला बारा पूर्ण होतात. त्यालाही समजावून सांगितलं की आता तूही फुल. तो जरा विचारात पडला.

‘म्हणजे पैसे मी द्यायचे?’

पैसे मीच देणार आहे. दोन फुल, दोन हाफ. वाचकांपैकी कोणाला जायचं असेल तर वाईची गाडी स्वारगेटहून सुटते. सुटे पैसे आणि आईचं आधार कार्ड वरच्या खिशात ठेवावं, आणि डबा कात्रजच्या आधी कोणालाही उघडू देऊ नये.