आर. के. पुरमचे रोडस्टरनाना

दिल्लीच्या आर. के. पुरम या सरकारी वसाहतीतला माणूस यादीत नाव लागल्याशिवाय श्वास घेत नाही. क्वार्टरची यादी, बढतीच्या डीपीसीची यादी, केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशाची यादी, सीजीएचएसच्या दवाखान्यातलं टोकन. इथं कुणाला 'काय चाललंय?' विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, वाट बघतोय. कशाची, ते हुद्द्याप्रमाणे बदलतं. मलाई मंदिराच्या बाजूला राहणारे तमिळ अवर सचिव महागाई भत्त्याची वाट बघतात. आमच्या खालचे शर्माजी जावयाच्या बदलीची. आणि वरच्या मजल्यावरचे आमचे नाना वाट बघतात स्पोर्ट्स कारची.

कुठलीही स्पोर्ट्स कार नव्हे. टेस्लाची नवी रोडस्टर. १६ नोव्हेंबर २०१७ ला कॅलिफोर्नियात एका ट्रकच्या अनावरणाचा कार्यक्रम होता, त्या ट्रकच्या पोटातून ही लाल गाडी अचानक बाहेर आली. ताशी शून्य ते साठ मैल १.९ सेकंदांत, कमाल वेग ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे, एका चार्जिंगमध्ये जवळजवळ हजार किलोमीटर, किंमत दोन लाख डॉलर, रस्त्यावर येणार २०२० साली. ही माहिती नाना एका दमात सांगतात, आणि '२०२० साली' म्हणताना त्यांचा आवाज असा चढतो, की शेजारी पाणी कधी येणार म्हणून भांडण लागलंय असं वाटावं.

नानांनी बुकिंग केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. बुकिंगलाच पन्नास हजार डॉलर. पण ज्यांनी पैसे भरले ते नुसते ग्राहक, असं नानांचं मत आहे. त्यांचा स्वार्थ अडकलेला. नाना मात्र एक छदाम न गुंतवता रागावतात, म्हणून त्यांच्या रागाला तोड नाही.

स्वतः नाना गाडी कशी चालवतात ते पाहिलं तर हे प्रकरण आणखी गूढ होतं. त्यांच्याकडे २०१० च्या डिसेंबरात घेतलेली वॅगन आर आहे. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, आणि रिंग रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी चाळीस. मुनिरकाच्या फ्लायओव्हरवर मागून हॉर्न वाजले की नाना आरशात बघून म्हणतात, "घाई काय आहे लोकांना!" चौथा गिअर त्यांनी शेवटचा टाकला तो नागपूरला जाताना, आणि तोही वहिनी झोपल्या होत्या म्हणून. या माणसाला चारशेचा वेग कशाला हवा, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "असावा. राखीव." सरकारी माणूस तरतुदीवर जगतो, खर्चावर नाही.

नानांचं खातं पाण्याचं. सेक्टर १ मधल्या मोठ्या सरकारी इमारतींपैकी एकीत ते बसतात आणि देशभरातून आलेल्या धरणांच्या, कालव्यांच्या प्रस्तावांवर शंका काढतात. चांगली शंका काढणं ही कला आहे आणि नाना तिच्यातले उस्ताद मानले जातात. त्यांची शंका आली की प्रस्ताव राज्याकडे परत जातो, राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून उपविभागात, आणि तिथला कनिष्ठ अभियंता तोवर निवृत्त झालेला असतो. याबद्दल नानांच्या मनात कसलीही खळबळ नसते. "तांत्रिक बाबी असतात," ते शांतपणे म्हणतात आणि डबा उघडतात.

हाच माणूस घरी आल्यावर टेबल लॅम्प लावून गाडीच्या कंपनीला स्मरणपत्र लिहितो. विषय, संदर्भ, 'उपरोक्त विषयान्वये आपले लक्ष वेधण्यात येते की', सगळं साग्रसंगीत. पहिलं पत्र २०२१ मध्ये गेलं. दुसऱ्यात पहिल्याचा संदर्भ होता. तिसऱ्याच्या डोक्यावर लाल शाईत 'अति तातडीचे' लिहिलं होतं आणि प्रत माहितीसाठी स्वतःलाच दिली होती. ती प्रत टपालानं घरी आली. उत्तर म्हणून आजवर आलेला एवढा एकच कागद, तोही नानांनी आवक नोंदवहीत चढवला.

गाडी आली तर तयारी अपुरी पडायला नको, म्हणून फाईलही तयार आहे. केंद्र सरकारच्या नोकरांच्या १९६४ च्या आचरण नियमांतल्या नियम १८ प्रमाणे दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा महाग वस्तू घेतली की खात्याला कळवावं लागतं. नानांनी तो अर्ज भरून ठेवलाय, फक्त तारीख कोरी. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात 'मोटार, एक'. 'पैशांचा स्रोत' या रकान्यात तीन नोंदी: भविष्य निर्वाह निधी, आठव्या वेतन आयोगाची थकबाकी, पत्नीचे दागिने. तिसरी नोंद वहिनींनी लाल पेनानं खोडलीय आणि बाजूला सही केलीय. आयात शुल्क धरलं तर गाडी तीन कोटींच्या पुढे जाते. मोटारीसाठी सरकार पूर्वी अ‍ॅडव्हान्स द्यायचं, तो सातव्या आयोगानंतर बंद झाला. संगणकासाठी मिळतो, मोटारीसाठी नाही, याचंही नानांना वाईट वाटतं. "आजकालची मोटार म्हणजे संगणकच की," असा त्यांचा युक्तिवाद आहे, आणि मला तो पटतोही.

हा रोग नवा नाही. नाना नोकरीत नवे होते तेव्हा, १९९८ साली, गोव्यात बनणारी सॅन स्टॉर्म आली होती. दोन सीट, फायबरची बॉडी, उघडं छप्पर, रेनॉचं साठ हॉर्सपॉवरचं छोटं इंजिन. नानांचं तेव्हा लग्न ठरत होतं. किंमत उतरण्याची वाट बघू म्हणाले. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, "दोघंच बसणार? मग आई कुठं?" किंमत उतरण्याआधी गाडीच दिसेनाशी झाली. मग २०१२ च्या जानेवारीत प्रगती मैदानावर ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रियांची अवंती आली, अमिताभ बच्चनच्या हस्ते अनावरण झालं. तीस लाखांच्या आसपास, म्हणत होते. नाना गर्दीत चेंगरून तिच्या बोनेटपासून दहा फुटांवर पोहोचले आणि तिथल्या फुकट कापडी पिशव्या मात्र खांद्याला भरभरून घेऊन आले. त्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वहिनींनी त्याच पिशव्या वाण म्हणून लुटल्या. सेक्टरातल्या अर्ध्या मराठी बायका पुढची दोन वर्षं मोटारीचं चित्र खांद्याला लावून सरोजिनी नगरात भाजी घ्यायला जात होत्या.

सगळ्यात हळवा अध्याय रेसमोचा. मार्च २०१७ मध्ये जिनिव्हात टाटांनी ही छोटी दोन सीटची गाडी दाखवली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १९० हॉर्सपॉवर, सहा सेकंदांच्या आत शंभरचा वेग. नाना भंडारा जिल्ह्यातले. विदर्भाचा माणूस पुण्याबद्दल कसं बोलतो ते वेगळं सांगायला नको. पण त्या दिवशी नाना जिन्यात मला अडवून म्हणाले, "आपल्या पुण्याची गाडी!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुण्याला आपलं म्हटलं होतं. २०१८ ला ग्रेटर नोएडाच्या एक्स्पोत ती ठेवली होती. नाना मेट्रो, मग बस, मग पायी असे जाऊन तिच्यासमोर तासभर उभे राहिले. पुढे खर्चाचं गणित बसेना म्हणून टाटांनी ती गुंडाळली. बातमी कळल्यावर नाना एवढंच म्हणाले, "पुण्याचेच ते."

तेव्हापासून सगळा जीव रोडस्टरमध्ये. तिच्याच नावाची आधीची एक लाल गाडी ६ फेब्रुवारी २०१८ ला रॉकेटवर बसवून अवकाशात सोडली. ती आता सूर्याभोवती फिरते, तिची कक्षा मंगळाच्याही पलीकडे जाते. "मंगळापलीकडं डिलिव्हरी होते," नाना म्हणतात, "आणि सेक्टर ८ ला होत नाही."

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे मी फिरायला निघालो तर फाटकाजवळ धुक्यात नाना गुडघे टेकून बसलेले. मला वाटलं, चक्कर आली. जवळ गेलो तर त्यांच्या हातात ऑफिसची स्टीलची फूटपट्टी, आणि कॉलनीतली दोन पोरं गतिरोधकाच्या दोन बाजूंना दोरी ताणून धरून उभी. नाना दोरीपासून खाली डांबरापर्यंत माप घेत होते आणि हातमोजा काढून वहीत टिपत होते. फाटकावरच्या हरयाणवी चौकीदारानं विचारलं, "बाबूजी, के नापण लाग रे सो?" नाना मान वर न करता म्हणाले, "क्लिअरन्स." चौकीदाराला सुरक्षेचं काही तरी वाटलं, त्यानं टाचा जुळवून सलाम ठोकला. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्या फाटकावरचा कुणीतरी उरलेलं डांबर ओतून केलेला आहे, उंची चौदा आणि उतार म्हणजे खाटिकखान्याची पायरी. जमिनीला पोट लावून धावणारी गाडी त्यावर कासवासारखी अडकणार. नानांनी त्या दिवशीच देखभाल कार्यालयाला अर्ज दिला: 'भविष्यात येऊ घातलेल्या वाहनाच्या सोयीसाठी'. वर्णन विचारलं तेव्हा 'गोपनीय' लिहिलं.

पोरं त्यांच्यावर खूश असतात. "अंकल, गाड़ी आ गई?" असं रोज संध्याकाळी ओरडतात. नाना चिडत नाहीत. "तीन महिने," असं सांगतात. आधीची पोरं कॉलेजात गेली, आता त्यांची धाकटी भावंडं विचारतात. उत्तर तेच आहे.

२०२५ च्या जानेवारीत तर नानांचं नशीबच फळफळलं. १६ तारखेला मंत्रिमंडळानं आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली आणि १७ ला भारत मंडपममध्ये मोटारींचं प्रदर्शन सुरू झालं. एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला गाड्या. नाना रात्रभर पगारवाढीच्या फिटमेंट फॅक्टरची गणितं करत बसले. सातव्यात २.५७ होता, आता २.८६ मिळाला तर? पहाटे उत्तर निघालं: चार चाकं आणि एक दार. प्रदर्शनात एमजीची सायबरस्टर होती, कात्रीसारखी वर उघडणारी दारं, शंभरचा वेग ३.२ सेकंदांत. जुलैत ती पाऊण कोटीच्या आत विकायलाही आली. मी उत्साहानं सांगायला गेलो. नाना थंड. "मिळते ना? मग घेईल कुणी पण," म्हणाले, आणि तिच्यात एक शंका काढली: दार वर उघडलं तर आपल्या पार्किंगवरच्या कडुलिंबाच्या फांदीला लागेल.

ऑगस्टात टेस्लाचं शोरूम एरोसिटीत उघडलं, इथून फार लांब नाही. नाना इस्त्रीचा सफारी घालून गेले. आत मॉडेल वाय उभी होती. तिथल्या तरुणानं अदबीनं माहिती दिली. नानांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "आणि रोडस्टर?" तो मुलगा चोवीस-पंचवीसचा असेल. ती गाडी जाहीर झाली तेव्हा तो बारावीची तयारी करत असावा. "सर, उसका अभी कुछ नहीं है." नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम जवान हो. देख लोगे."

ऑक्टोबरात अमेरिकेतल्या सॅम ऑल्टमन यांनी, म्हणजे चॅटजीपीटीवाल्यांनी, २०१८ च्या जुलैत केलेलं आपलं रोडस्टरचं बुकिंग रद्द करायला घेतलं. साडेसात वर्षं फार झाली म्हणाले. ही बातमी नानांनी दोनदा वाचली. "सातच वर्षांत दमला? याला आमच्या खात्यात पाठवा, एक प्रस्ताव हाताळून दाखव म्हणावं." त्यानंतर आठवड्याभरात टेस्लाचे प्रमुख मस्क यांनी अनावरणाची तारीख सांगितली, १ एप्रिल २०२६. एप्रिलची पहिली तारीख, हे वहिनींनी लक्षात आणून दिलं. नाना म्हणाले, "नवं आर्थिक वर्ष सुरू होतं त्या दिवशी. बरोबरच आहे." वॅगन आरची दिल्लीच्या नियमातली पंधरा वर्षं भरत आली आहेत, ती कुठं उभी करायची हा प्रश्न वहिनी रोज विचारतात. नानांच्या मते तीन महिन्यांसाठी दुसरी गाडी घेणं म्हणजे उधळपट्टी.

एक व्यावहारिक अडचण मात्र नाना मान्य करतात. हजार किलोमीटरचं चार्जिंग घेऊन दिल्लीहून गावी निघालं, तर ते संपतं शिवनीच्या आसपास, म्हणजे पुढे पेंचचं जंगल.

गाव पवनी तालुक्यात. तिथं वैनगंगेवर गोसीखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी पायाभरणी केली तेव्हा नाना कॉलेजात होते आणि भाषणाला सायकलनं गेले होते. ३७२ कोटींचा अंदाज होता, तो अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. नानांच्या धाकट्या भावाच्या धुऱ्यापर्यंत कालव्याची चारी खोदून झालीय, तिच्यात आता बाभळी उगवल्यात. परवा रविवारी मी चहाला वर गेलो तेव्हा भावाचा फोन आला होता, स्पीकरवर.

"दादा, पानी कधी येते जी? तुमी तं तिथंच बसता."

"बघतो रे. वितरिकेच्या तांत्रिक बाबी असतात. घाई करून चालत नाही."

"मंग त्या गाडीलेई असन ना तांत्रिक बाबी! तिच्यावर काहून इतके चिडता?"

वहिनींनी कप खाली ठेवला. नाना फोनकडे बघत राहिले, मग गंभीरपणे म्हणाले, "गाडी खासगी कंपनीची आहे. त्यांना उशीर करायचा अधिकार नाही."

सोमवारी स्मरणपत्र क्रमांक चार निघालं. आधीची तिन्ही रजिस्टर्डनं गेली होती, पण आता टपालखात्यानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलंय. नानांना ते पटलेलं नाही. खिडकीवरच्या बाईंना त्यांनी विचारलं, "यापेक्षा जरा सावकाश जाणारं काही नाही का? पोहोच नीट मिळते त्यात."