इंजिनराव

हिंजवडीत इंजिनराव ओळखायला सोपे. शनिवारी संध्याकाळी क्लबहाउसच्या पायऱ्यांवर मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेला आणि दर अर्ध्या मिनिटाला स्वतःशीच ‘च्च’ करणारा गृहस्थ दिसला, की समजावं. नोकरी फेज दोनला, फ्लॅट फेज तीनला, आणि चिरंजीव बुद्धिबळाच्या क्लासला.

हे पीक तसं अलीकडचं. २०२४च्या डिसेंबरात गुकेश सिंगापुरात जगज्जेता झाला, पुढच्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला, आणि आमच्या क्लबहाउसमधला झुंबा उठून पार्किंगमध्ये गेला.

इंजिनरावांना स्वतःला बुद्धिबळ येतं का, असं मी एकदा विचारलं. “रूल्स येतात,” ते म्हणाले. पण त्यांच्याकडे स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन आहे. २००८पासून देशोदेशींचे प्रोग्रामर ते घडवताहेत, मिळतं फुकट, आणि त्याच्यापुढे कार्लसनचंही काही चालत नाही. त्यामुळे कार्लसनच्या चुका इंजिनरावांना घरबसल्या दिसतात. चिरंजीवांच्या तर दिसतातच. ते आठ वर्षांचे आहेत. डाव संपवून पोरगं बाहेर आलं की त्याच्या पायात चपला जायच्या आत स्कोअरशीटवरच्या वाकड्यातिकड्या चाली लॅपटॉपात जातात आणि चौकशी बसते.

“बावीसला प्लस एक पॉइंट चार होतास. तेवीसला मायनस तीन. मध्ये काय झालं?”

“हरलो,” पोरगं म्हणतं.

हे उत्तर इंजिनरावांना चालत नाही. त्यांना आकडा लागतो. वाकडच्या पुलाखाली गाडी अडकली की ते ‘मायनस दोन’ म्हणतात. सासूबाई महिनाभर राहायला येणार हे कळलं तेव्हा मात्र जरा थांबून ‘पोझिशन अनक्लिअर आहे’ एवढंच म्हणाले.

मग असा माणूस सर ठेवतो कशाला? तर पोरगं लॅपटॉपला सारखं “पण का?” विचारायचं, आणि लॅपटॉप ‘का’च्या उत्तरादाखल आणखी वीस चाली दाखवायचा. शेवटी बायकोनं दटावलं. इंजिनरावांनी सरांची रीतसर मुलाखत घेतली.

“सर, तुम्ही किती डेप्थपर्यंत बघता?”

“दोन चाली.”

“फक्त?”

“तिसरीला समोरचा बहुतेक वेगळंच काहीतरी करतो.”

सर मूळचे सांगलीचे, बँकेतून निवृत्त झालेले, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धांत वाढलेले. स्कूटरच्या पुढ्यात गुंडाळलेला पट उभा करून येतात. शिकवताना पटाकडे कमी आणि पोराकडे जास्त बघतात. ते चुकतात, हेही सांगायला हवं. त्यांनी मुलांना शिकवलेला एक सापळा इंजिनरावांनी घरी तपासला, तर तो साफ खोटा निघाला. पुढच्या शनिवारी त्यांनी पुरावा समोर धरला. सर हरखलेच. “अरे वा! चाळीस वर्षं जिंकतोय मी यावर.”

दोघांचा वाद दर आठवड्याला ठरलेला. इंजिनराव म्हणणार, १९९७ला न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू संगणकानं कास्पारोव्हला हरवलं, विषय तिथंच संपला. सर म्हणणार, खरंय, पण त्यानंतर कास्पारोव्ह २००५पर्यंत खेळला आणि डीप ब्लूची कपाटं गेली संग्रहालयात. एकदा सरांनी हुकमी पान टाकलं: गुकेशला त्याचे गुरू विष्णू प्रसन्ना यांनी ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनपासून लांबच ठेवलं होतं. इंजिनराव या पानाची वाटच बघत होते.

“म्हणूनच सगळ्यांत लहान ग्रँडमास्टरचा जागतिक विक्रम सतरा दिवसांनी हुकला त्याचा!”

त्या दिवशी सर लवकर घरी गेले.

पण खरी गंमत झाली ती पावसाळ्यातल्या स्पर्धांत. चिरंजीव लागोपाठ तीन डाव हातात आलेले हरले. तिन्ही विसाव्या चालीच्या पुढे, तिन्ही तासाभरानंतर. इंजिनरावांनी ऑफिसात करतात तसं रूट कॉज ॲनालिसिस केलं. एक्सेलची शीट, लाल-हिरवे रकाने, प्रत्येक चालीला लागलेले सेकंद, तीस-तीस डेप्थपर्यंतची पर्यायी चाल. निष्कर्ष: मिडलगेममध्ये वजिराच्या जागेबाबत संकल्पना कच्च्या. शीट सरांना पाठवली, वर प्रिंटही काढून दिली.

सरांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, नीट घडी करून खिशात ठेवली आणि पोराला जवळ बोलावलं.

“तेविसाव्या चालीला तुला कुठं जायचं होतं रे?”

पोरानं बाबांकडे बघितलं, मग सरांच्या कानात सांगितलं.

झालं असं होतं, की मेंदूला पाणी लागतं हे इंजिनरावांनी कुठंतरी वाचलेलं, म्हणून डावाला बसताना एक लिटरची बाटली देऊन ‘संपव’ अशी ताकीद. पोरगं आज्ञाधारक. समोरचा विचार करत असताना उठून जाऊन येता येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. स्टॉकफिशला जावं लागत नाही, आणि पालकांना हॉलमध्ये घेत नाहीत. त्यामुळे विसाव्या चालीनंतर साहेब मिळेल ती चाल खेळून मोकळे होत होते. जिंकण्यापेक्षा सुटण्याची घाई. मला विचाराल तर त्या अवस्थेत तेवीसपर्यंत पोचला, हेच कौतुक.

पुढच्या रविवारी पोरगं मध्ये दोनदा उठलं आणि अडतिसाव्या चालीला त्यानं मात दिली. सरांना पेढे मिळाले. इंजिनरावांच्या शीटला मात्र नवा रकाना मिळाला: ‘पाणी (मिली)’. रात्री साडेदहाला त्यांनी सरांना फोन केला. दोनशे मिलीला जिंकतो, हजारला हरतो. तर मधला योग्य आकडा काढायला आणखी किती स्पर्धा खेळवाव्या लागतील? आणि ताक दिलं तर?

“ताकानं झोप येते,” सर म्हणाले आणि झोपले.

ते वाक्य ‘रिमार्क्स’मध्ये गेलं, पुढे कंसात: ‘सोर्स – सर, डेप्थ दोन’.