घाटावरचे गुरुजी

बुलढाण्यात नवा माणूस भेटला की आमचे गुरुजी त्याला नाव विचारत नाहीत. आडनाव, नोकरी, पोरंबाळं ही सगळी चौकशी नंतरची. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वरचे की खालचे?" पुण्या-मुंबईचा पाहुणा असला तर त्याला वाटतं, भाड्याच्या खोलीबद्दल बोलणं चाललंय. जिल्ह्यातला असला तर तो चटकन सांगून मोकळा होतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमच्या जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा. खाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. मोताळा पायथ्याला चिकटून बसलाय, त्यामुळे तो सोयीप्रमाणे इकडेही मोजता येतो आणि तिकडेही. तालुके तेरा असले तरी माणसांचे प्रकार दोनच, घाटावरचे आणि घाटाखालचे.

गुरुजी घाटावरचे. जन्म चिखली तालुक्यातला, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत, घर बुलढाण्यात. मी त्यांचा शेजारी, मूळचा जळगाव जामोदचा. म्हणजे पूर्णा नदीच्याही पलीकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. गुरुजींच्या हिशेबात मी परदेशी. मला ते नावाने हाक मारत नाहीत, "काय जळगाववाले" असं म्हणतात. असा एकेक गुरुजी आमच्याकडे गल्लोगल्ली आहे. कुठे तो तलाठी असतो, कुठे किराणा दुकानदार, कुठे वकील. माझ्या नशिबात गुरुजी आले.

घाटावरच्या माणसाचं पहिलं लक्षण म्हणजे हवा. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं इथे मांडलं त्यात या हवेचाही वाटा असणार, आणि ती हवा जणू आपल्या आजोबांनी विकत घेऊन ठेवली आहे अशा थाटात गुरुजी तिच्याबद्दल बोलतात. "आमच्याकडे पंखा लागत नाही." हे वाक्य ते मे महिन्यात, कूलरसमोर बसून म्हणतात. कूलर कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. "पाहुण्यांसाठी. घाटाखालून येतात बिचारे."

त्यांच्यासोबत राजूर घाटातून मलकापूरकडे एसटीने उतरणं हा एक सोहळा असतो. बुलढाणा स्टँडवर गाडीत चढताना त्यांनी मफलर बांधलेला असतो. गाडी पहिल्या वळणाला लागली की ते खिडकीची काच सरकवतात, बाहेर नाक काढतात आणि जाहीर करतात, "बदलली." काय बदललं, ते गाडीतल्या सगळ्यांनी समजून घ्यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर मफलर सुटतो. घाट संपता संपता शर्टाचं वरचं बटण उघडतं. मोताळ्याला गाडी थांबली की ते रुमालाने मान पुसतात, शेजारच्या अनोळखी माणसाकडे सहानुभूतीने बघतात आणि म्हणतात, "कसे राहता हो तुम्ही लोक इथं?" तो माणूस मोताळ्याचाच असतो. त्याला जानेवारीच्या त्या सकाळी थंडी वाजत असते. तो कानटोपी घालून बसलेला असतो.

नोकरीत त्यांनी मेहकर बघितलं, लोणार बघितलं, सिंदखेडराजा बघितलं. मग एका वर्षी बदली झाली संग्रामपूर तालुक्यात. हा प्रसंग ते अजूनही काळ्या पाण्याची शिक्षा सांगावी तसा सांगतात. तिकडे खारपाणपट्टा. पाणी खारट, उन्हाळा कडक, आणि तूर-कपाशीच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चप्पल रुतली की पायात परत येत नाही. गुरुजी दर सोमवारी बुलढाण्याहून येळगाव धरणाच्या पाण्याची कॅन घेऊन जायचे. एसटीचा वाहक त्या कॅनचं तिकीट मागायचा. खरं म्हणजे येळगावचं पाणी बुलढाण्याच्या नळालाही रोज येत नाही, पण ते घाटावरचं पाणी आहे. न येणाऱ्या पाण्यालाही एक प्रतिष्ठा असते.

या सगळ्याला गुरुजींकडे इतिहासाचा आधार आहे, आणि तो खोटा नाही. जुन्या वऱ्हाडाचे बालाघाट आणि पयनघाट असे भाग पूर्वीपासून मानले जात. इंग्रजांच्या काळात बुलढाणा जिल्ह्यात तीनच तालुके होते, चिखली, मेहकर आणि मलकापूर. खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला जोडले गेले ते १९०५ साली. हे वर्ष गुरुजींनी माझ्यासाठी राखून ठेवलं आहे. नळाच्या पाळीवरून, वर्गणीवरून, कुंपणाच्या तारेवरून कशावरूनही आमचा वाद झाला आणि माझी बाजू थोडी वरचढ दिसू लागली की ते शांतपणे म्हणतात, "तुमचं बरोबर असेल जळगाववाले, पण तुम्ही एकोणीसशे पाचचे लोक." आमच्या घराण्याला या जिल्ह्यात येऊन सव्वाशे वर्षं होत आली. आम्ही जागचे हललोही नव्हतो, जिल्हाच आमच्यावर येऊन बसला. तरी आम्ही आपले आलेले.

अडचण एवढीच की गुरुजींच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, मलकापूरच्या. आणि मलकापूर पहिल्या तिघांत आहे.

काकू हे विसरत नाहीत. "आमी पयल्यापासून आहो जिल्ह्यात," असं त्या भाकरी थापता थापता स्वयंपाकघरातून सांगतात, आणि गुरुजींचा मुद्दा तिथेच आडवा होतो. मग गुरुजी दुसरं हत्यार काढतात. मलकापूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी रावेरला जोडलेला आहे, म्हणजे काकूंच्या माहेरचे लोक राहतात बुलढाणा जिल्ह्यात आणि खासदार निवडतात खान्देशात. "अर्धे तिकडचेच झाले ते," असं गुरुजी म्हणतात. "तरी आमच्या गावात रेल्वे येते," काकू म्हणतात. या वाक्यानंतर गुरुजी सहसा फिरायला निघून जातात.

कारण रेल्वे ही घाटावरची दुखरी नस आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा सगळा घाटाखालून जातो. खामगावला कापसाच्या पेठेसाठी जलंबहून फाटा निघाला तो थेट १८७० मध्ये. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्याला आजही रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची मागणी इतकी जुनी आहे की गुरुजींच्या आजोबांनीही तिची वाट बघितली, आणि ती वारसाहक्काने गुरुजींकडे आली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो मेहकर, सिंदखेडराजा असा घाटावरून जातो. त्या दिवशी गुरुजींनी आमच्या घरी पेढे आणून दिले. "रेल्वे तुमची, समृद्धी आमची. फिट्टमफाट." बुलढाणा शहरातून समृद्धीही जात नाही, हे मी पेढा खाऊन झाल्यावर सांगितलं.

भाषेच्या बाबतीत गुरुजी फार जपून असतात. घाटाखालच्या बोलीला ते हसतात. "कुठी चालले, काय करून रायले, हे काय बोलणं आहे का?" असं म्हणून ते स्वतः पाठ्यपुस्तकातलं मराठी बोलतात, तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं. पण गुरुजींचं आजोळ नांदुऱ्याचं. आईची भाषा पोटात खोल बसलेली असते आणि राग आला की ती वर येते. मागच्या उन्हाळ्यात एका पोराने त्यांच्या कुंडीवर मोटारसायकल घातली. गुरुजी गेटवर आले. पहिलं वाक्य शुद्ध होतं, "अरे, तुला दिसत नाही का?" पोराने उलट उत्तर दिलं. दुसऱ्या वाक्याला गुरुजी अर्धा घाट उतरले. तिसऱ्याला थेट नांदुऱ्यात पोचले, "काऊन बे, डोये फुटले काय तुये? माह्या दारात येऊन मलेच शिकवून रायला?" काकू खिडकीत उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर माहेरचा माणूस भेटल्याचा आनंद होता.

आता गुरुजींचं दुसरं रूप. मुलगा पुण्याला हिंजवडीत नोकरी करतो, त्यामुळे वर्षातून एकदा महिना-दीड महिना त्यांचा मुक्काम तिकडे असतो. तिथे सोसायटीतले लोक विचारतात, "तुम्ही नागपूरकडचे ना?" नागपूर बुलढाण्याहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, त्यापेक्षा संभाजीनगर कितीतरी जवळ. मग मराठवाड्यातले का? नाही, विभाग अमरावती, हायकोर्टाचं खंडपीठ नागपूर. मग विदर्भच की! हो, पण वऱ्हाड. मग बुलढाणा म्हणजे नक्की कुठे येतं? या प्रश्नावर घाटावरच्या माणसाचा सगळा ताठा गळून पडतो आणि तो हळूच म्हणतो, "शेगाव माहीत आहे ना?"

शेगाव. घाटाखालचं. संत गजानन महाराजांचं संस्थान, आनंदसागर, स्टेशनवरची कचोरी, सगळं सगळं त्या खालच्या मजल्यावरचं. बुलढाण्यात असताना ज्या शेगावचा उल्लेख गुरुजी "तिकडे उकाडा फार" एवढाच करतात, ते पुण्यात त्यांचं माहेर होतं. कुणी भाविक नसेल तर लोणारचं सरोवर काढतात. उल्का पडली ती आपल्या आवारात पडल्यासारखी सांगतात आणि २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते मोबाइलमध्ये दाखवतात. कुणी इतिहासप्रेमी भेटला की सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजीराव जाधवांचा वाडा, १२ जानेवारीची गर्दी. कुणाच्या घरात लग्न असलं की खामगावची चांदी. शेतकरी घरातला कुणी निघाला तर भेंडवळची घटमांडणी, अक्षय्यतृतीयेला मांडतात आणि दुसऱ्या पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात ती. भेंडवळ माझ्या जळगाव जामोद तालुक्यात. घरी गुरुजी त्याची खिल्ली उडवतात, "खालचा अंदाज आहे, वर लागू नाही." मात्र दरवर्षी त्या सकाळी सात वाजता कुंपणापलीकडून हळू आवाजात विचारणा होते, "काय म्हणते हो तुमची मांडणी? सोयाबीनचं काय?"

पुण्याची एक गोष्ट त्यांच्या मुलाने मला सांगितली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गुरुजींना एमएच २८ ची गाडी दिसली. बुलढाणा जिल्ह्याचा नंबर. गुरुजी त्या गाडीजवळ उभे राहिले ते उभेच राहिले. जेवायची वेळ झाली, नातू बोलवायला आला, तरी हलेनात. शेवटी गाडीवाला आला. तरुण पोरगा, शेगावचा. गुरुजींनी त्याचा हात धरला, घरी नेलं, मिरचीची भाजी आणि भाकरी खाऊ घातली, आणि त्याच्या आईबापांना फोन लावून "तुमचा पोरगा आमच्याकडं जेवला, काळजी करू नका" असं कळवलं. पोरगा सत्तावीस वर्षांचा होता. त्याला काळजी करण्यासारखं काही झालं नव्हतं.

तोच पोरगा पुढे कसल्याशा दाखल्यासाठी बुलढाण्याला कलेक्टर ऑफिसात आला आणि आठवण ठेवून गुरुजींच्या घरी गेला. मी ओट्यावरच होतो. गुरुजींनी त्याचं प्रेमाने स्वागत केलं, पाणी दिलं, कूलर त्याच्याकडे वळवला आणि माझी ओळख करून दिली, "हे आमचे जळगाववाले. आणि हे शेगावचे. दोघंही खालचेच. बसा, बोला तुम्ही आपापसात."

खामगाव जिल्हा वेगळा करा ही मागणी अधूनमधून जोर धरते. मोर्चे निघतात, निवेदनं जातात, मग निवडणूक होते आणि सगळं शांत होतं. गुरुजींचं यावर मत तयार आहे. "खुशाल करा. आमचा काही विरोध नाही. फक्त शेगाव आमच्याकडं ठेवा." अशी सोयीची फाळणी जगात कुणी मागितली नसेल.

आणि तो वाघ. टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ २०१९ च्या शेवटी हजार किलोमीटरहून जास्त चालत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला, तेव्हा जिल्ह्यात महिनाभर दुसरा विषय नव्हता. अभयारण्य नेमकं घाटाच्या उतारावर पसरलंय. काकूंचं म्हणणं, वाघ खालचा, कारण पाणी प्यायला तो खालीच उतरणार. गुरुजींचं म्हणणं, एवढं चालून आलेला प्राणी हवा बघूनच थांबणार, म्हणजे वरचा. मी म्हणालो, तो यवतमाळ जिल्ह्यातला आहे. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

मी एकदा गुरुजींना खिंडीत गाठायचं ठरवलं. त्या जुन्या तीन तालुक्यांच्या काळात खुद्द बुलढाणा हे तालुक्याचं ठिकाण नव्हतं. ते चिखली तालुक्यातलं एक गाव होतं. हे मी त्यांना ऐकवलं. वाटलं, आता तरी ठाणं हादरेल. गुरुजी उजळून निघाले. "मग! मी काय सांगतो इतके दिवस? बुलढाणा आमच्याच तालुक्यातलं." तेव्हापासून ते बुलढाणेकरांनाही पाहुण्यासारखे वागवतात.

तुम्ही कधी बुलढाण्याला आलात तर स्वेटर जरूर आणा, महिना कुठलाही असो. घातला नाही तरी चालेल, हातात दिसला पाहिजे. वरचे की खालचे, या प्रश्नाला "आम्ही बाहेरचे" असं उत्तर मात्र देऊ नका. बाहेरचा माणूस ही गोष्टच गुरुजींना मान्य नाही. ते आजोळ काढतील, आत्याचं सासर काढतील, आणि कुठल्या तरी मजल्यावर तुम्हाला बसवल्याशिवाय चहा येणार नाही. तेव्हा येताना मामाचं गाव आणि त्याचा तालुका तेवढा पाठ करून या.