बरगड्यांची दाद

लोकप्रिय संगीत वैयक्तिक आवडीपलीकडे जाऊन ऐकावं, असं जाणकार सांगतात. कोल्हापूरनं हे केव्हाच अमलात आणलंय. अनंत चतुर्दशीला महाद्वार रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीत तुम्हाला काय आवडतं, हे कुणी विचारतच नाही. डॉल्बीची भिंत पापाच्या तिकटीला असतानाच गंगावेशीतल्या घरात मांडणीवरची स्टीलची ताटं ठेका धरतात; कान नको म्हणाले तरी बरगड्या दाद देतात. ‘नाद खुळा’ हा शब्द उगाच नाही इथला!

2016 च्या ‘सैराट’साठी अजय-अतुलनी थेट हॉलिवूडमध्ये सिंफनी ध्वनिमुद्रित केली. त्यातली व्हायोलिनं डॉल्बीच्या या भिंतीतून हुडकणं हीसुद्धा साधनाच. निवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे म्हणे. ती खासगी आवडीनिवडींसाठी असावी.

शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गवई नेमलं, तेव्हापासून या गावाचा कान तयार. आता देवल क्लबची शास्त्रीय संगीताची मैफलही ट्रॅक्टर-ट्रॉलीवर चढवावी आणि तंबोऱ्याला बेस जोडावा. नावडीला जागाच उरणार नाही.

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी ही पायरी गाठलीये. अख्खी मिरवणूक त्यांनी खिडकीत बसून, हसतमुखानं ऐकली. श्रवणयंत्र चतुर्थीपासून कपाटात आहे.