कुंपणाशी गुडघेपुराण

"माई, हा घ्या कढीपत्ता. आणि काठी भलत्याच हातात की! उजवा गुडघा दुखतो ना? मग काठी डाव्या हातात. उलट वाटतं, पण भार तसाच वाटला जातो. जावेची लेक फिजिओथेरपिस्ट आहे, तिनेच सांगितलं."

"कोपऱ्यावरच्या आज्जींचं कळलं का गं? दोन्ही वाट्या बदलल्या, आता काठीशिवाय भाजीला जातात म्हणे! आमचे चिरंजीवही मागे लागलेत. खर्च ऐकून मीच गप्प बसले."

"अहो, नुसत्या सांध्याची किंमत सरकारने 2017 सालीच बांधली. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा तेव्हा 54,720 रुपये, वर कर. बाकीचं बिल खोलीचं नि डॉक्टरांचं. पण तुम्हाला घाई कसली? दुखण्याने रात्रीची झोप उडते का?"

"छे! जिना उतरताना कळ येते. सकाळी दहा मिनिटं पाय धरल्यासारखा असतो, इतकंच."

"मग आधी मांडी भक्कम करा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, ती खाली दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची. रोज. दोन दिवसांत फरक नाही पडत, महिना-दीड महिना तरी द्या."

"विश्रांती नको? चाललं की गादी झिजते म्हणतात."

"बसून तर स्नायूच वाळतात! सपाटीवर बिनधास्त चाला. आणि वजन एक किलो उतरलं, की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलो भार कमी होतो. ऐकल्यापासून घरात साबुदाणावडे बंद केलेत. आमचे हे बाहेर खाऊन येतात, शर्टाला वास येतो."

"आणि त्या बागेतल्या तेलवाल्याचं तेल?"

"चोळा, शेक मिळतो, बरं वाटतं. पण झिजलेली गादी परत येते म्हणाला, तर पैसे परत मागा. गोळ्या मात्र मेडिकलमधून परस्पर आणू नका हं. तुम्हाला बीपी आहे, त्या मूत्रपिंडालाही बाधतात. डॉक्टरांना विचारून वरून लावायचं मलम घ्या."

"पूजेचं काय करू? मांडी घातल्याशिवाय मन लागत नाही."

"देव्हारा टेबलावर घ्या, खुर्चीत बसा. आज्जींनी घेतला तेव्हा सुनेने नाक मुरडलं होतं. आता तीच खुर्ची ओढून बसते, पन्नाशी आली ना!"