माती रजेवर

आमच्या कुंड्यांचं गढूळ पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या पांढऱ्या चादरीवर तिसऱ्यांदा ठिबकलं, तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर नोटीस लागली. नाव कुणाचंच नव्हतं. पण ‘तिसऱ्या मजल्यावरील निसर्गप्रेमी सभासद’ म्हणजे कोण, हे डोंबिवलीतल्या आमच्या अठरा बिऱ्हाडांना न सांगता कळलं. तुळस तेवढी राहिली, बाकी सगळी माती खाली गेली. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो. हाताला काम नाही आणि कुंडीत माती नाही, अशा अवस्थेत माणूस हायड्रोपोनिक्सच्या नादी लागतो.

मुळं पाण्यात, खत त्याच पाण्यात विरघळवलेलं, मातीचा संबंध नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी या पद्धतीनं २५ फूट उंच टोमॅटो वाढवले आणि १९३७ साली तिचं हे नाव जगापुढे ठेवलं. मी हिशेब केला. २५ फूट म्हणजे आमच्या बाल्कनीतून थेट पाचव्या मजल्यावरच्या काकूंच्या पापडांत. आणखी एक नोटीस नको म्हणून मी पालक आणि लेट्यूसवर समाधान मानलं.

“यात नवीन काय?” आई म्हणाली. तिचा मनीप्लँट बारा वर्षं फ्रीजवर सरबताच्या बाटलीत सुखानं नांदतो आहे. शिवाय मुंबईच्या बाजारात वाळूत वाढवलेल्या मेथीच्या बोटभर जुड्या तिनं जन्मभर निवडल्या आहेत. “मातीच नको, तर एवढा खर्च कशाचा?”

खर्च होता. जाळीचे कप, कोकोपीट, टीडीएस मीटर, पीएच मीटर आणि रोपाला आधार म्हणून क्ले बॉल्स. हे क्ले बॉल्स म्हणजे भाजलेल्या मातीच्या गोळ्या. म्हणजे घरातली माती फुकट खाली टाकली आणि तीच भाजून, किलोच्या भावानं वर आणली.

खताच्या दोन बाटल्या होत्या, ‘ए’ आणि ‘बी’. एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत सल्फेट, फॉस्फेट वगैरे मंडळी. कागदावर बजावलं होतं की दोन्ही पाण्यात वेगवेगळ्या घाला, आपसांत मिसळू नका. पण शेवटी पाणी एकच, मग दोनदा कशाला मोजायचं? मी एकाच पेल्यात दोन्ही ओतली. बघता बघता दूध नासावं तसं झालं आणि तळाशी पांढरा साका बसला. कॅल्शियमनं सल्फेट-फॉस्फेटशी परस्पर लग्न लावलं होतं. आता ते रोपांच्या काही कामाचं नव्हतं.

“अहो, पनीर केलंत का?” आतून सौ.

मग पीएच. पाणी किंचित आंबट लागतं, ५.५ ते ६.५. आमच्या नळाचं निघालं ७.८. ते उतरवायला आम्लाची बाटली मिळते, पण घरात लिंबं असताना ती कशाला घ्यायची? मी बादलीवर लिंबं पिळत बसलो. काटा सहावर आला तेव्हा मला रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर झाल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी बघतो तर काटा पुन्हा साडेसातावर. लिंबातलं आम्ल पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात, हे मागाहून कळलं. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना चहावर भागवलं जातं आणि या जिवाणूंना मात्र मी दर दोन दिवसांनी सरबत पाजत होतो.

आमच्या शाखेत एक हेडक्लार्क होते. दिवसभरात चार शब्द बोलायचे नाहीत. ते महिनाभर रजेवर गेले आणि शाखेतला एकही हिशेब जुळेना. माती ही तशीच. आम्ल सांभाळणं, खत पुरवून पुरवून देणं, मुळांना हवा आणि अंधार देणं, ही सगळी कामं ती पगार न घेता, सही न करता करत होती. ती रजेवर गेली आणि चार्ज आला माझ्याकडे.

अंधाराचंच बघा. मुळं दिसावीत म्हणून मी पारदर्शक बाटल्या घेतल्या. आठवड्यात त्यांत शेवाळ माजलं. उजेड बंद करायला माझे बँकेतले काळे मोजे बाटल्यांना चढवले. समोरच्या इमारतीतून बघणाऱ्याला वाटावं, कठड्यावर आठ पाय ओळीनं वाळत ठेवलेत.

त्यातल्या त्यात सोपी म्हणून मी हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांची पद्धत धरली होती. पंप नाही, वीज नाही. भांडं एकदा भरायचं आणि विसरायचं. रोप पाणी पितं, पातळी उतरते, उघडी पडलेली वरची मुळं हवा घेतात आणि खालची पाणी. अट एकच, पुन्हा काठोकाठ भरायचं नाही. भरलं की हवेला सरावलेली मुळं गुदमरतात.

अकराव्या दिवशी पानांनी माना टाकल्या. अशक्तपणा असेल म्हणून मी खत वाढवलं. मुळं तपकिरी झाली, वास मारू लागली. मला काही उलगडेना. एके सकाळी लवकर जाग आली, तर तुळशीला पाणी घालून झालेली आई तांब्यातलं उरलेलं पाणी एकेका मोज्यात ओतत होती.

“अरे, रोज पातळी खाली जात होती. तुझं लक्ष कुठे असतं? मी होते म्हणून एवढे दिवस तरी तगली.”

उरलेल्या दोन बाटल्यांचा निकाल पावसाळ्यात महापालिकेच्या बाईंनी लावला. टॉर्च मारून त्यांनी आत पाहिलं. कपाच्या फटीतून डासांनी शिरकाव केला होता. आमच्या शेतात उत्तम आलेलं एकमेव पीक, अळ्यांचं, त्यांनी मोरीत ओतलं.

दरम्यान आईनं भाजीतल्या पुदिन्याच्या चार काड्या एका पेल्यात घालून खिडकीत ठेवल्या होत्या. त्या बेफाम वाढल्या. पेल्याचं पाणी जरा गढूळ दिसलं. विचारलं, तर तुळशीतली चिमूटभर माती टाकली होती म्हणाली.

मी पुस्तक काढलं. इंग्लंडात जॉन वुडवर्ड यांनी पाण्यात पुदिनाच वाढवून पाहिला होता. पावसाचं पाणी, झऱ्याचं, थेम्स नदीचं, सगळं करून झालं. सर्वांत जोमानं वाढला तो बागेतली माती कालवलेल्या पाण्यातला. हे छापून आलं १६९९ साली. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

“त्याच्या आईनं सांगितलं असेल,” ती म्हणाली आणि चटणीसाठी शेंडे खुडू लागली.

पीएच मीटर, टीडीएस मीटर, चाळीस जाळीचे कप आणि दोन किलो भाजलेली माती चालू स्थितीत आहे. गरजूंनी संध्याकाळी पाचनंतर येऊन न्यावं. पिशवी आपली आणावी. मोजे मिळणार नाहीत.